गाठ लव्हाळ्याशी

जुलैच्या मध्यात बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडे सोयाबीनचे पहिले निंदण सुरू होते. बाया ओळीने बसतात, तास मोकळे होतात, धुऱ्यावर उपटलेल्या तणाचे ढीग लागतात. केना, माठ, दुधी, शिपी यांचा निकाल त्याच दिवशी लागतो. लव्हाळ्याचा लागत नाही. खुरप्याने जिथे कापला तिथूनच दोन-तीन दिवसांत हिरवी सुई वर येते आणि आठवडाभरात वावर पुन्हा होते तसे दिसू लागते. मजुरी पाण्यात गेली म्हणून शेतकरी चिडतो आणि राग बहुतेक वेळा बायांवर निघतो: नीट निंदलेच नाही! हा त्यांच्यावर अन्याय आहे. खुरप्याच्या टोकाला जेवढा लव्हाळा लागतो तेवढा त्यांनी काढलेला असतो. त्याचा खरा जीव टोकाच्या चार बोटे खाली असतो.

एक रोप खोदून पाहिले की हे पटते. पावसानंतर वाफसा आला की लव्हाळ्याच्या एका रोपाभोवती वीतभर माती कुदळीने उचलावी आणि ढेकूळ बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने विरघळवावे. आधी वरचा भाग पाहा. दांडा चिमटीत धरून फिरवला तर तो गोल फिरत नाही, त्याच्या तीन धारा बोटांना लागतात. पाने तीन बाजूंना फुटलेली, गडद हिरवी, चकचकीत. फुलोरा असेल तर तांबूस-तपकिरी. पानांच्या बुडाशी फुगीर कंद असतो. त्यापासून सुतळीच्या धाग्यासारख्या चिवट काड्या मातीत आडव्या गेलेल्या असतात आणि प्रत्येक काडीवर थोड्याथोड्या अंतराने एकेक गाठ लागलेली असते. गाठ बाहेरून काळी, खवल्यांची, केसाळ. नखाने सोलली तर आत पांढरी, कडक, आणि वास ओळखीचा, दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा. वर एकच रोप दिसत होते. बादलीत मात्र आठ-दहा गाठींची माळ निघते, आणि तीही पूर्ण हाती आलेली नसते.

वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सायपरस रोटंडस. ते गवत नाही, मोथ्याच्या कुळातले तण आहे. हा फरक शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. कृषी केंद्रावर जाऊन ‘भाऊ, सोयाबीनमधल्या गवताचं औषध द्या’ म्हटले की क्विझालोफॉप किंवा प्रोपाक्विझाफॉपची बाटली पुढे येते. ही औषधे गवतवर्गीय तणांच्या पेशींत स्निग्ध पदार्थ तयार करणारे विकर बंद पाडतात. लव्हाळ्याच्या पेशींतले हेच विकर त्यांना दाद देत नाही. शिपी जळते, लव्हाळा जागच्या जागी राहतो, उलट शेजारची गर्दी हटल्याने त्याला ऊन जास्त मिळते. पेरणीनंतर लगेच मारायच्या पेंडीमेथॅलिनचेही तसेच. ते बियांपासून उगवणाऱ्या कोवळ्या तणांसाठी आहे. लव्हाळा बियांपासून क्वचितच येतो, तो गाठीतून येतो, आणि गाठीत पोटभर शिदोरी असते. ज्या कोंबाला तेवढे बळ आहे तो मल्चिंगचा प्लास्टिक कागदसुद्धा भोसकून वर येतो. मल्चिंगवर मिरची किंवा टरबूज घेणाऱ्यांनी ती भोके पाहिलेली असतील.

लेरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांची जंत्री पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा पहिला क्रमांक याच तणाला दिला. नव्वदहून अधिक देश आणि पन्नासहून अधिक पिके, एवढा त्याचा पसारा. अनुकूल हवामानात एका गाठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या आसपास गाठी होऊ शकतात. कोंब जमिनीवर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. हा तीन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावर आहेत.

माळेतल्या सगळ्या गाठी एकाच वेळी फुटत नाहीत. जी आधी फुटते ती मागच्यांना दाबून ठेवते. एका गाठीवर अनेक डोळे असतात, त्यांतही शेंड्याकडचा डोळा फुटला की बाकीचे झोपून राहतात. माळ अखंड आहे तोवर ही शिस्त टिकते. आता तिच्यातून रोटाव्हेटर फिरवला की काय होते? माळ तुटते, प्रत्येक गाठ सुटी होते, तिच्यावरचा दाब जातो आणि ती स्वतंत्रपणे फुटते. एका कोपऱ्यातला लव्हाळा पात्यांना चिकटून दुसऱ्या कोपऱ्यात जातो, भाड्याने आणलेल्या यंत्राबरोबर एका वावरातून दुसऱ्यात जातो. लव्हाळ्याच्या वावरात ओलीवर रोटाव्हेटर फिरवणे म्हणजे त्याची लावणी करणे.

उन्हाळवाहीची गोष्ट वेगळी. गाठीचा शत्रू ऊन आहे. खोल नांगरटीने वर आलेली गाठ तापल्या ढेकळात सुकली की मरते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो, तिथे एप्रिलमध्ये केलेली नांगरट खरोखर कामाला येते. मात्र नांगरट कोरड्यात हवी आणि ढेकळे तशीच तापू द्यायला हवीत. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, पण काळी जमीन भेगाळली तरी फूटभर खाली ओल धरून ठेवते आणि तिथल्या गाठी उन्हाळा काढतात. ठिबकाच्या नळीखाली तर त्यांना उन्हाळा जाणवतही नाही. म्हणून उन्हाळवाहीने लव्हाळा कमी होतो, हटत नाही, आणि शेतकरी तणनाशकाकडे वळतो.

वळण्यात गैर काही नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि या तणापुढे निंदण थिटे पडते हे आपण पाहिलेच. पण तणनाशकाने नेमके काय करायचे आहे, हे मनाशी ठरवल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये. पान जाळणे हे काम नाही. औषध गाठीपर्यंत पोचवणे हे काम आहे, आणि ते पोचवू शकतो फक्त लव्हाळा स्वतः.

पॅराक्वाटचे उदाहरण घ्या. सकाळी मारले की संध्याकाळी पान करपते, दुसऱ्या दिवशी वावर तपकिरी दिसते, मारणाऱ्याला समाधान वाटते. पण ते जिथे पडते तेवढाच भाग जाळते. पान इतक्या झपाट्याने मरते की औषध खाली वाहून न्यायला काही उरत नाही. आठवड्यात लव्हाळा परत हजर. शिवाय हे विष पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. ज्या औषधाने लव्हाळा मरत नाही आणि माणूस मरू शकतो, ते या कामासाठी घरात आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लायफोसेटची रीत उलटी आहे. मोन्सँटो कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण शोधला आणि १९७४ मध्ये ते बाजारात आले. ते पानातून आत शिरते आणि पानात तयार झालेली साखर ज्या वाटेने खाली जाते त्याच वाटेने कंदात, काडीत, गाठीत पोचते. तिथे वाढीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार करणारे विकर ते बंद पाडते. म्हणजे पान साखर करत असले पाहिजे, ती खाली पाठवत असले पाहिजे आणि औषध पडल्यावर काही दिवस जिवंत राहिले पाहिजे. पाण्याच्या ताणाने सुकलेल्या, धुळीने माखलेल्या किंवा कालच कापलेल्या लव्हाळ्यावर मारलेले ग्लायफोसेट वाया जाते. थंडीत, लव्हाळा पिवळा पडून निजलेला असताना मारलेलेही तसेच. त्याला मारायचे तर आधी चांगला वाढू द्यावा लागतो. पाच-सहा पाने, फुलोरा नुकताच डोकावतोय, जमिनीत ओल आहे, आकाश पाच-सहा तास तरी कोरडे राहील, ही वेळ. मारल्यानंतर दहा-पंधरा दिवस तिथे वखर नाही, डवरा नाही, विळा नाही. पाने पिवळी पडायलाच आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी ‘औषध बोगस निघाले’ म्हणून दुसरा फवारा मारणारा स्वतःच स्वतःचे काम बिघडवतो.

पाण्याकडे बुलढाण्याच्या शेतकऱ्याने विशेष लक्ष द्यायला हवे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा या जिल्ह्याच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतून जातो. क्षारांनी जड झालेल्या पाण्यात ग्लायफोसेटचे रेणू कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बसतात आणि पानात शिरत नाहीत. तीच बाटली, तीच मात्रा, गोड्या पाण्यात काम करते आणि विहिरीच्या मचूळ पाण्यात करत नाही. उपाय सोपा आहे: १५ लिटरच्या पंपाला दोनशे ते तीनशे ग्रॅम अमोनियम सल्फेट, आधी पाण्यात पूर्ण विरघळवून आणि मग औषध. गढूळ पाण्याला मात्र उपाय नाही. चिकणमातीचे कण ग्लायफोसेट असे पकडतात की ते सुटत नाही. नाल्याचे तांबडे पाणी पंपात भरले तर औषध पंपातच संपले असे समजावे. मात्रा लेबलावर हेक्टरी दोन ते तीन लिटर आणि पाणी साडेचारशे लिटर अशी असते, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७० ते १०० मिलिलिटर. त्यापेक्षा जास्त घातले तर पान लवकर जळते आणि वहन थांबते. जहाल मात्रेने गाठ मरत नाही.

एवढे करूनही झोपलेली गाठ वाचते. ती साखर मागत नाही, म्हणून तिच्यापर्यंत औषध जात नाही. इथे मशागत आणि औषध यांची सांगड घालता येते. माळ तोडली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात हे आपण पाहिले. एक वखरणी देऊन त्यांना मुद्दाम फुटू द्यायचे, तीन-चार आठवडे वाढू द्यायचे, आणि नव्या गाठी धरायच्या सुमारास मारायचे. पुस्तकात हे सोपे आहे. कोरडवाहू वावरात मृगाच्या पावसानंतर तीन-चार आठवडे थांबायला सांगणे म्हणजे पेरणी हुकवायला सांगणे. म्हणून मला वाटते, बुलढाण्याची खरी संधी जूनमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये आहे. सोयाबीन निघते, जमिनीत परतीच्या पावसाची ओल असते, ऊन असते, पीक हटल्याने लव्हाळ्याला उजेड मिळतो आणि थंडीच्या आधी तो सगळी शिदोरी गाठींत साठवत असतो. हरभरा थोडा लांबवता आला तर हे दिवस वर्षातले सर्वांत मोलाचे. कपाशीच्या वावरात ही फट नाही, कारण पीक डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभे असते. लव्हाळ्याने भरलेल्या रानात वर्षानुवर्षे कपाशीवर कपाशी घेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

पण आता कायद्याचे. भारतात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक जमीन यांसाठी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. त्याआधी, २०१५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या’ पदार्थांच्या गटात टाकले होते. अमेरिकेसह अनेक देशांच्या नियामक संस्थांचे मत याहून वेगळे आहे. वाद मिटलेला नाही. दुसरीकडे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथे, १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. कायदेभंगामागची व्यथा खरी होती, निंदणाचा खर्च कपाशीला परवडत नाही ही. त्या बियाण्याचा मुद्दा सरकारने टाळत न बसता सोडवावा असे मलाही वाटते. पण कायद्याच्या बाहेरच्या पाकिटातून बियाणे घेणाऱ्याला फसवणुकीनंतर दाद मागायला जागा राहत नाही. आणि साध्या कपाशीच्या तासांत नोझलला हूड लावून ग्लायफोसेट मारणे हे लेबलाबाहेरचे काम आहे. वाऱ्याची एक झुळूक आली तरी ओळ जाते.

लेबलाच्या आत राहून पिकातच लव्हाळा मारायचा असेल तर वाट मक्यातून जाते, आणि मका या जिल्ह्याला परका नाही. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे खास मोथावर्गीय तणांवर चालणारे औषध ऊस आणि मक्यासाठी शिफारशीत आहे. ७५ टक्के दाणेदार, एकरी ३६ ग्रॅम. एवढ्याशा पुडीने काय होणार असे वाटते, पण ते पेशीविभाजनाला लागणारे एक विकर इतक्या कमी मात्रेत अडवते की दोन दिवसांत वाढ थांबते. रंग मात्र आठवड्याने बदलतो आणि रोप मरायला दोन-तीन आठवडे लागतात. तण तीन ते पाच पानांवर असावे. मका त्याला पचवून निष्प्रभ करतो, सोयाबीन, कपाशी, तूर करू शकत नाहीत. म्हणून ज्या वावरात लव्हाळ्याने ठाण मांडले आहे तिथे एक हंगाम मका घेणे हा मला सगळ्यांत शहाणा उपाय वाटतो.

त्यातही एक सावधगिरी. या गटातली औषधे आम्लधर्मी जमिनीत लवकर विघटित होतात आणि विम्लधर्मी जमिनीत रेंगाळतात. आपल्या काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास, खारपाणपट्ट्यात त्याहून वर. तेव्हा पाकिटावरचे पुढच्या पिकाचे अंतर वाचावे आणि शंका असेल तर त्या मातीत कुंडीभर हरभरा आधी लावून पाहावा.

टू-फोर-डीबद्दल सांगायलाच हवे, कारण स्वस्त म्हणून ते लव्हाळ्यावर सर्रास मारले जाते. त्याने वरचा भाग वाकडा होऊन मरतो, गाठीपर्यंत ते पुरेसे पोचत नाही. नुकसान मात्र शेजारच्या कपाशीचे होते. कपाशीइतके नाजूक पीक या औषधाला दुसरे नसेल. बाधित कपाशीचे पान हातात घेतले की ओळख पटते: रुंद पंजा आक्रसून लांबट बोटे झालेली असतात, भेंडीच्या पानासारखी. शिरा एकमेकींना जवळजवळ समांतर आणि फिकट, कडा सुरकुतलेल्या. शेंडा पिळवटतो, पात्या गळतात. शेतकरी हा विषाणूजन्य रोग समजून औषधावर औषध मारत राहतो. कारण बहुतेक वेळा धुऱ्यापलीकडे मारलेला फवारा असतो, किंवा आपलाच पंप. महिन्यापूर्वी त्यात टू-फोर-डी भरले होते, नुसत्या पाण्याने विसळले होते, आणि आज त्याच पंपातून कीटकनाशक कपाशीवर गेले. नळी आणि गाळणीत राहिलेला अंश पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला रंगाचा पट्टा, आणि तो दुसऱ्या कामाला कधीच नाही, हा नियम घराघरात हवा.

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर आहे, हेक्टरी एक लिटर, पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत, तण दोन-तीन पानांवर असताना. त्याने लव्हाळा खुंटतो, पण संपत नाही. खुंटलेल्या लव्हाळ्यावर सोयाबीनने सावली धरली तर मात्र पुढचे काम सावली करते. हे तण उन्हाचे आहे, सावलीत गाठी कमी धरते. म्हणून तुटाळ्या राहू न देणे, उगवण चांगली ठेवणे, तास वेळेत झाकले जाणे, हा तणनाशकाइतकाच महत्त्वाचा भाग. ज्वारी घाटावरही होती तेव्हा तिच्या दाट उंच पिकाने हे काम केले असणार. ज्वारी गेली आणि सोयाबीन आले, तशी उजेडाची जागा वाढली.

फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले. ती कीटकनाशके होती, पण हातमोजे नसणे, वाऱ्याच्या तोंडावर चालणे, गळका पंप पाठीवर असणे या गोष्टी तणनाशकाच्या दिवशीही त्याच असतात. तणनाशकाला चपटा पंखा नोझल, कमी दाब, नोझल गुडघ्याखाली आणि सकाळची शांत हवा हवी. यातली प्रत्येक गोष्ट औषधाचा परिणामही वाढवते आणि माणसालाही वाचवते.

एका वर्षात लव्हाळा जात नाही. पहिल्या चांगल्या फवाऱ्यानंतर दुसऱ्या हंगामात जी रोपे येतात ती झोपून राहिलेल्या गाठींची. ती कमी असतात, पट्ट्यापट्ट्यांत असतात, आणि नेमके याच वेळी दुर्लक्ष होते. अशा पट्ट्यांना काडी रोवून खूण करावी आणि कोंब दिसल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, नव्या गाठी धरण्याआधी, खुरप्याने मुळासकट उकरून काढावेत. या टप्प्यावर निंदण खरेच उपयोगी पडते. धुऱ्यावरचा लव्हाळाही त्याच फेरीत काढावा, नाहीतर त्याच्या आडव्या काड्या पुन्हा आत येतात. फवाऱ्याचा हिशेब पानांवर करू नये. तीन आठवड्यांनी चार-पाच ठिकाणी फूट-फूट खोदून गाठी काढाव्यात आणि आडव्या कापाव्यात. आतून तपकिरी, पिचपिचीत निघाली तर ती मेली, पांढरी आणि कडक निघाली तर जिवंत. निम्म्याहून जास्त पांढऱ्या निघाल्या तर त्या वावरात पुढच्या खरिपात सोयाबीन नको, मका घ्यावा.